सुहैरच्या पावलाचं माप

कुवेत, ६ सप्टेंबर १९८३

प्रिय वजीहाताई,

सलाम. तुम्ही सगळे खुशाल असाल, मीही खुशाल आहे, कमी आहे ती फक्त तुमच्या भेटीची. या नेहमीच्या ओळी मी नीट सुवाच्य अक्षरात लिहिल्या आहेत असं समज आणि पुढे वाच.

परवा आमची शाळा उघडली. माझ्या वर्गात यंदा चौतीस मुली आहेत. पहिल्या दिवशी त्यातल्या नऊ रडल्या, एक ओकली आणि एकीने माझा झगा जो धरला तो मधल्या सुट्टीपर्यंत सोडला नाही. लागोपाठ तिसरं वर्ष मी दुसऱ्यांच्या लेकींची नाकं पुसते आहे. आमची शाळा तुमच्या आधी उघडते, त्यामुळे सुहैरचा शाळेचा पहिला दिवस मला कधी दिसतच नाही. आई म्हणून माझ्या वाट्याला उन्हाळा येतो, रास अल-बरच्या किनाऱ्यावरच्या चटयांच्या झोपडीतले अडीच महिने, अंथरुणात वाळू आणि केसांत वाळू. मग मी इकडे आणि ती तुझ्याकडे दुमयातला.

सोबत शाळेचे बूट पाठवते आहे. इथल्या एका शिक्षिकेचा भाऊ सुट्टीवर येतोय, तो घरी आणून देईल. दरवर्षी निघायच्या आदल्या दिवशी मी तिला वहीच्या कागदावर उभी करते आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवून माप घेते, हे तुला माहीत आहे. यंदा बाईसाहेब कागदावर उभ्याच राहिल्या नाहीत. "पाय दुखतोय," म्हणाली आणि माझी गाडी सुटेपर्यंत समुद्रावरून परत आली नाही. म्हणून अंदाजाने घेतले. काळे आहेत, चकचकीत, बाजूला बक्कल. बयूमीभाऊजींना सांग, बुटांच्या कारागिराच्या घरात बाहेरचे बूट पाठवते म्हणून रागावू नका. तेवढीच माझी हौस.

ती कशावर रुसली होती ते तुला बोलली का? बोलली नसेल तर तू विचारू नकोस. मुलं विसरून जातात.

तुझी,
इन्साफ

*

दुमयात, ९ ऑक्टोबर १९८३

इन्साफ, माझे बाई,

तुझं पत्र आलं, बूटही आले. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा दिव्याजवळ धरून वाच.

पहिला दिवस तुला दिसत नाही म्हणतेस, तर सविस्तर सांगते. पहाटेच उठून बसली होती. दोन वेण्या, पांढऱ्या फिती, अंगात खाकी झगा. ब्रेडमध्ये फूलच्या दाण्यांची उसळ भरून दिली तर म्हणते, "सहावीतल्या मुली फूल नेत नाहीत, चीज नेतात." मी म्हटलं, "सहावीतल्या मुलींच्या आया पहाटे उठून फूल शिजवत नाहीत वाटतं?" तर गुपचूप घेऊन गेली. बूट अगदी बेतून घेतल्यासारखे बसले. बयूमींनी फक्त त्या दिवशी चहा दोनदा मागितला.

आता एक गंमत सांगते. ही पोरगी हल्ली मला 'आई' म्हणते आणि तुला 'मावशी'. "मावशीचं पत्र आलं का?" म्हणाली तेव्हा मी दाराकडे पाहिलं, आपल्याला आणखी कुठली बहीण फुटली म्हणून! मला आधी थट्टाच वाटली. पण महिना उलटून गेला, तोंडात तेच बसलंय. मी आठवून पाहिलं, तर मी मासे आणायला गेले होते आणि तुझ्या शाळेच्या त्या मोठ्या बाई झोपडीवर येऊन गेल्या, त्या दिवसापासूनच हे सुरू झालं. मी परत आले तेव्हा पेरू चिरलेल्या ताटलीसमोर तू एकटीच बसली होतीस. काय झालं होतं गं?

वजीहा

*

कुवेत, २ नोव्हेंबर १९८३

प्रिय ताई,

काही झालं नव्हतं. लुलवाबाई आमच्या मुख्याध्यापिका. कैरोला फिरायला आल्या होत्या, रास अल-बर पाहायचं म्हणून एक दिवस तिकडे आल्या, अर्धा तास बसल्या आणि गेल्या. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात काय येईल ते सांगता येतं का?

पण तुला एक विचारते, राग मानू नकोस. ती तुला 'आई' म्हणते तेव्हा तू 'ओ' देतेस का? पहिल्याच दिवशी कान धरला असतास तर हे इतकं वाढलं नसतं. मी इथे उन्हात करपते आहे ती तिच्यासाठीच. तिचे वडील, फथी, वारले तेव्हा आमच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, हे तिला कळत नसलं तरी तुला कळतं. तुझ्या घरी दोन मुलगे आहेत, मुलीची हौस होती, हेही मला कळतं. पण हौसेला मर्यादा असावी.

बूट बसले हे ऐकून बरं वाटलं. आईला माप न घेताही माप कळतं, हे भाऊजींना जरूर वाचून दाखव.

इन्साफ

*

दुमयात, २८ नोव्हेंबर १९८३

इन्साफ,

तुझं पत्र वाचून मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि तीन आठवडे हात लावला नाही. आज लिहिते आहे.

बूट बसले नाहीत. मी खोटं लिहिलं होतं. तिने पायात घालूनसुद्धा पाहिले नाहीत. बुटाचा तळ आपल्या तळव्याला लावून बघितला आणि खोक्यात परत ठेवले. दोन बोटं लहान आहेत. तू गेल्या वर्षीच्या पावलाचे बूट पाठवलेस. शाळेत जाते ती बयूमींनी शिवलेले घालून. तिच्या पावलाचा लाकडी साचा त्यांच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. पाय वाढला की ते त्याच्या चवड्यावर चामड्याचा एक तुकडा चिकटवतात आणि कानशीने घासून गोल करतात. ती आमच्याकडे आल्यापासून तीन तुकडे चढले. त्या माणसाने कधी तोंडातून शब्द काढला नाही, आणि मी त्यांना तुझं हे पत्र वाचून दाखवू?

'ओ' देते का विचारलंस. हो, देते. ऑक्टोबरमध्ये शाळेत आयांना बोलावलं होतं. बाईंनी विचारलं, "तुम्ही सुहैरच्या कोण?" माझ्याआधी तीच म्हणाली, "माझी आई." इन्साफ, मी दुरुस्त केलं नाही. मला तेव्हा इतकं गोड वाटलं की येताना तिला मिठाईवाल्याकडून मशब्बक घेऊन दिला, पाक हातावर ओघळेपर्यंत. घरी आल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटली, सख्ख्या बहिणीच्या ताटातलं उचलून खाल्लं म्हणून. ते मी तुझ्यापासून लपवलं. तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

पण तूही नाहीस. परवा सुहैरने मला सांगितलं. लुलवाबाईंनी विचारलं, "ही कुणाची मुलगी?" आणि ती हातात ताटली घेऊन उभी असताना तू म्हणालीस, "माझ्या बहिणीची."

हे खरं आहे का? हो की नाही, एवढंच लिही.

वजीहा

*

कुवेत, २० डिसेंबर १९८३

ताई,

हो.

यापुढचं सारवासारव म्हणून वाचू नकोस. ज्या शाळेने मला घेतलं तिच्या वसतिगृहात मूलबाळ नसलेल्या बायकांनाच खोली मिळते आणि खोलीशिवाय नोकरी नाही. अर्जात एक ओळ होती, मुलं किती. मी तिथे शून्य लिहिलं. वाटलं, एक आकडा तर आहे, कोण पाहायला येतंय. फथींना जाऊन चार महिने झाले होते.

आणि पाहायला आल्याच. त्या दिवशी झोपडीच्या दाराची चटई बाजूला करून लुलवाबाई आत आल्या. सुहैर शहाण्यासारखी पेरू चिरून घेऊन आली, बिया काढून, मीठ लावून. बाईंनी एक फोड तोंडात टाकली आणि विचारलं. ताई, मला विचार करायलाही वेळ लागला नाही. बाई म्हणाल्या, "किती गुणी आहे, डोळे अगदी तुमच्यासारखे." मी हसले. हसून म्हणाले, "आमच्या घराण्याचेच आहेत." सुहैरने ताटली खाली ठेवली, कपाळावरचे केस मागे केले आणि अगदी व्यवस्थित आवाजात मला विचारलं, "मावशी, आणखी आणू का?"

तिने मला सांभाळून घेतलं गं. पोरीने माझं खोटं निभावून नेलं आणि मी तिला निभावू दिलं. तेव्हापासून ती तेच निभावते आहे, आणि मी तुला लिहिते की मुलं विसरतात.

बुटांबद्दल भाऊजींची माफी माग. नको, तू मागू नकोस, मी आल्यावर स्वतः मागेन. ती तुला आई म्हणाली आणि तू गप्प राहिलीस, त्याबद्दल मला काही म्हणायचा अधिकार नाही. आधी मी बोलले, म्हणून तर तुझ्यावर गप्प राहायची वेळ आली. तिला हे पत्र वाचून दाखव. नाही तर नको. तुला योग्य वाटेल ते कर.

इन्साफ

*

दुमयात, १५ जानेवारी १९८४

इन्साफ,

वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे तिने तुला सांगितलं. तुला तर मी आधीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "मग काय करावं तिने? पाया पडावं तुझ्या?"

तर म्हणते कशी, "त्याच बाईंनी परत विचारायचं आणि तिने परत उत्तर द्यायचं. मला काही नको बाकी."

मी समजावलं की तसं केलं तर तुझी खोली जाईल, नोकरी जाईल. ती म्हणाली, "मग राहू दे." रागाने नाही म्हणाली, बाजारात भाव जास्त सांगितला की आपण म्हणतो ना, तसं. मला ते काही बरं वाटलं नाही.

मी तुला कर म्हणत नाही आणि नको करूस असंही म्हणत नाही. पोट तुझं आहे, पोरही तुझी आहे. बयूमी म्हणाले, "माफी कसली, बक्कल छान आहे, पुढच्या जोडीला तसंच लावतो."

वजीहा

*

कुवेत, २५ फेब्रुवारी १९८४

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तरात लिहिण्यासारखं काही घडेल म्हणून थांबले होते.

तीनदा गेले मी लुलवाबाईंच्या खोलीत. पहिल्यांदा त्या मान वर करून म्हणाल्या, "बोला इन्साफबाई," आणि माझ्या तोंडून निघालं, "खडू संपलेत." त्यांनी चिठ्ठी दिली. दुसऱ्यांदाही खडूच. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "तुमच्या वर्गात खडू खातात का?" आणि स्वतःच हसल्या. माझ्या कपाटात आता खडूंची तीन भरलेली खोकी आहेत आणि फळ्यावर मी इतकं लिहिते की मुली कंटाळल्यात.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमची ती पेरूवाली भाची कशी आहे?" मी म्हणाले, "मजेत आहे, बाई. यंदा सहावीत आहे." म्हणजे ताई, मी तेच खोटं पुन्हा सांगितलं, वर त्याला इयत्ताही जोडली.

वर्ष संपत आलंय, अजून दोन वर्षं काढली तर दुमयातला दोन खोल्या होतील, तिला स्वतःची खिडकी मिळेल. मग सांगेन म्हणते. तेव्हा सांगून काही बिघडणार नाही. हे लिहिताना मला कळतंय की ज्यात काही बिघडत नाही, ते सांगितल्याचा तिला काय उपयोग. तरीही लिहिते आहे. मी अशीच आहे.

इन्साफ

*

दुमयात, १० एप्रिल १९८४

इन्साफ,

थोडक्यात लिहिते, घरात रंगाचं काम चालू आहे.

सुहैरचा पाय पुन्हा वाढला. बयूमींनी साच्यावर चौथा तुकडा चढवला आणि म्हणाले, आता लाकूड कमी आणि चामडं जास्त झालंय, मोठ्या बाईचा नवा साचा घ्यावा लागेल. जून महिन्यात प्राथमिकची परीक्षा, मग सप्टेंबरपासून मोठी शाळा, निळा झगा.

झोपडीसाठी नाव द्यायची वेळ झाली, म्हणून तिला विचारलं की यंदा नदीच्या बाजूला घ्यायची की समुद्राच्या. ती म्हणाली, "मावशी येणार असेल तर तुम्ही सगळे जा. मी काकांबरोबर दुकानात राहीन. मला टाचा घासता येतात आता."

आणखी एक गोष्ट आहे, लिहू की नको असं चाललं होतं. ती पूर्वी रोज विचारायची, मावशीचं पत्र आलं का. मावशी का होईना, विचारायची. गेला महिनाभर विचारत नाही. पोस्टमन दारात उभा असला तरी त्याच्या बाजूने निघून जाते.

झोपडी घेऊ का नको, ते कळव.

वजीहा

*

कुवेत, ३ मे १९८४

प्रिय ताई,

झोपडी घे. समुद्राच्या बाजूला घे. ती आली नाही तर मी दुकानाच्या पायरीवर बसून उन्हाळा काढेन, पण घे.

काल मी खडूंची तिन्ही खोकी घेऊन लुलवाबाईंच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, "हे काय?"

मी म्हणाले, "हे मला नको होते. मी दर वेळी दुसरंच सांगायला येत होते. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही विचारलं होतंत, ही कुणाची मुलगी. कृपा करून परत विचारा."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "ती पेरूवाली?"

"हो."

"कुणाची मुलगी?"

"माझी. सुहैर तिचं नाव. अर्जात मी शून्य लिहिलं ते खोटं आहे, एक आहे."

ताई, मला वाटलं होतं की त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही तिला माझ्यासमोर भाची म्हणालात तेव्हा तिने ऐकलं होतं?"

"समोरच उभी होती."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"तिनेच पाठवलं," मी म्हणाले, आणि मग मला रडू फुटलं. त्यांच्यासमोर, खडूंसमोर, चहा घेऊन आलेल्या शिपाईबाईसमोर.

नियम नियमच आहे, त्यांच्याही हातात नाही. वर्ष संपलं की खोली सोडायची आणि नोकरीही. उठताना त्या म्हणाल्या, "त्या फोडीला मीठ अगदी बेताचं होतं, तिला सांगा." एवढंच. त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला कळलं नाही.

जूनमध्ये मी सामानासकट येते आहे. दुमयातच्या शाळेत जागा मागेन, मिळेल ती. दोन खोल्या नाही झाल्या, खिडकीही नाही. सुहैरला फक्त एवढं सांग की त्याच बाईंनी परत विचारलं आणि मी परत उत्तर दिलं. नोकरी गेल्याचं सांगू नकोस, ते ओझं तिच्यावर नको. मला मोकळं वाटायला हवं होतं, वाटत नाही. खोटं बोलायला मला क्षणही लागला नव्हता आणि खरं बोलायला आठ महिने लागले. ते आठ महिने तिने मोजले असणार, याची लाज मला जन्मभर पुरेल.

तुझी,
इन्साफ

*

दुमयात, २४ मे १९८४

 

परीक्षा जवळ आल्यामुळे पत्र छोटं आहे.

पत्र वाचून दाखवताना मावशी मधल्या ओळी गाळत होती, म्हणून ती अंघोळीला गेल्यावर मी पिठाच्या डब्याखालून काढून पूर्ण वाचलं. नोकरीचं मला कळलं आहे. मावशीला कळू देऊ नकोस की मला कळलं. मावशी म्हणजे वजीहामावशी. तिला मी आता परत मावशी म्हणते. पहिल्या दिवशी म्हटलं तेव्हा ती चुलीकडे तोंड करून बसली आणि कांद्याला नावं ठेवू लागली, पण कांदा चिरलेलाच नव्हता.

सोबत माझ्या पावलाचं माप आहे. हे माझं मीच काढलं, म्हणून टाचेजवळ रेघ वाकडी झाली आहे. हे बुटांसाठी नाही. काका मोठ्या शाळेसाठी शिवणार आहेत, बक्कल लावून. हे फक्त तुला माहीत असावं म्हणून पाठवलं. तू पाठवलेले बूट खोक्यातच आहेत. मी ते एकदा घालून पाहिले होते, घरात कुणी नव्हतं तेव्हा. अंगठा वाकवावा लागला. ते शेजारच्या लहान मुलीला द्यायचे का, ते तू आल्यावर ठरव.

झोपडी समुद्राच्या बाजूला मिळाली आहे. मी येणार आहे, पण पहिले चार दिवस काकांबरोबर दुकानात थांबेन, टाचांचं काम अर्धं आहे. मोठी शाळा सप्टेंबरच्या शेवटी उघडते. पहिल्या दिवशी आया फाटकापर्यंत येतात, आत येऊ देत नाहीत. चालणार असेल तर ये.

पत्राच्या वर, तारखेखाली, जागा मोकळी सोडली आहे. तिथे काय लिहायचं असतं ते मला माहीत आहे, पण हात चालला नाही. आमच्या बाई सांगतात, एखादं उत्तर येत नसेल तर जागा सोडा आणि पुढचं सोडवा, वेळ उरला की मागे या.

पुढचं सगळं मी लिहिलं आहे.

सुहैर